दोन शब्दांत लांब कोणता? प्रोग्राम एकाच वेळी दोन उत्तरं देतोय

पहिलीपायरी

नमस्कार मंडळी. पायथन शिकायला घेतलंय, तिसराच आठवडा आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

सराव असा आहे: एका फाइलमध्ये दोन ओळी आहेत, प्रत्येक ओळीत एक शब्द. ज्या शब्दात जास्त अक्षरं तो लांब. सारखी असतील तर तसं छापायचं. पाच मिनिटांचं काम म्हणून बसले, काल संध्याकाळपासून तिथेच आहे.

कोड मराठीत उतरवून देतेय. 'लेन' म्हणजे लांबी सांगणारं फंक्शन.

फ = ओपन('शब्द')
प = फ.रीडलाइन()
द = फ.रीडलाइन()
जर लेन(प) > लेन(द):
    छाप 'पहिला लांब'
जर लेन(प) < लेन(द):
    छाप 'दुसरा लांब'
नाहीतर:
    छाप 'दोन्ही सारखे'

फाइलमध्ये 'कमल' आणि 'गवत' हे शब्द ठेवले. तीन-तीन अक्षरं, वादच नको. तर उत्तर आलं:

पहिला लांब
दोन्ही सारखे

म्हणजे प्रोग्रामचंच एकमत नाही. कुठे चुकतंय?

खटपट्या

दुसऱ्या 'जर'च्या जागी 'नाहीतर जर' घाल, म्हणजे पायथनमधलं एलिफ.

आत्ता तुझे दोन वेगळे प्रश्न झालेत. पहिला 'जर' आपलं उत्तर छापून मोकळा होतो. दुसरा 'जर' पुन्हा नव्याने सुरू होतो आणि शेवटचं 'नाहीतर' फक्त त्या दुसऱ्याचं आहे. त्यामुळे पहिला शब्द लांब असला की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येतं आणि 'सारखे' छापलं जातं. तीनही फांद्या एकाच साखळीत हव्यात.

पहिलीपायरी

केलं. आता एकच उत्तर येतंय, पण तेही चुकीचंच. 'कमल' आणि 'गवत'ला 'पहिला लांब' म्हणतो. आणि गंमत म्हणजे 'घर' आणि 'कमल' दिलं तर 'दोन्ही सारखे'!

भरधाव

मराठी शब्द दिल्यामुळे होतंय. युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्याचा) घोळ. लेन वगैरे इंग्रजीसाठी बनलेलं आहे, मराठीत ते चालत नाही. रोमन लिपीत शब्द दे, सुटशील.

पहिलीपायरी

रोमन अक्षरांत तीन-तीनचे शब्द देऊन बघितले. तरीही 'पहिला लांब'.

जुनंखोड

भरधाव, जरा ब्रेक. युनिकोड गोंधळ घालतो, पण हा त्याचा नाही.

पायरी, तुझ्याच दोन उदाहरणांकडे परत बघ. सारखे असले तर पहिला लांब. पहिला एकाने छोटा असला तर सारखे. म्हणजे पहिल्या शब्दाला दर वेळी बरोबर एक जास्तीचा मिळतोय. कमी नाही, जास्त नाही, एकच. चूक इतकी शिस्तीत वागत असेल तर ती सापडायला सोपी असते.

प आणि द सरळ छापू नकोस, रेप्र(प) आणि रेप्र(द) छाप. रेप्र शब्दाला अवतरणात घालून दाखवतो आणि डोळ्यांना न दिसणारी चिन्हंही उघडी पाडतो. काय येतं ते इथे टाक.

पहिलीपायरी

'कमल\एन'
'गवत'

हे \एन कुठून आलं?? मी तर टाईप केलं नाही.

जुनंखोड

केलंस की. 'कमल' लिहून एंटर दाबलास, तेच ते. ओळ संपल्याची खूण हीसुद्धा फाइलमधलं एक चिन्हच असतं आणि रीडलाइन ते चिन्ह ओळीला चिकटलेलंच ठेवतं. 'गवत' ही शेवटची ओळ, तिच्यापुढे तू एंटर दाबला नाहीस, म्हणून तिला शेपूट नाही. तुझ्या प्रोग्रामने चार विरुद्ध तीन अशी तुलना केली आणि ती अचूक केली.

इनपुट() वापरून कीबोर्डवरून शब्द घेतले असतेस तर हे दिसलंच नसतं, कारण इनपुट ती खूण स्वतःच काढून टाकतं. त्यामुळे पुष्कळ जण महिनोन्‌महिने शेपटाला भेटतच नाहीत आणि पहिली फाइल वाचताना आपटतात.

उपाय: प = फ.रीडलाइन().आरस्ट्रिप('\एन'). दोन्ही ओळींना लाव. शेपूट असेल तर जाईल, नसेल तर काही बिघडत नाही.

खटपट्या

नुसतं स्ट्रिप() केलं तरी चालेल ना? छोटं पडतं.

जुनंखोड

इथे चालेल, सवय म्हणून नको. रिकामं स्ट्रिप() दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागाही खातं. उद्या कुणी 'मागे दोन स्पेस असलेला शब्द' मुद्दाम तपासायला दिला तर तू त्याची लांबी गुपचूप कमी करून बसशील. लांबी मोजणाऱ्या प्रोग्रामने मोजण्याआधी माल छाटू नये. काढायचं तेवढंच नाव घेऊन काढावं.

कंसबहाद्दर

सी भाषेत ओळ वाचणाऱ्या एफगेट्सचं अगदी हेच आहे, तेही एंटर सोबत घेऊन येतं. शिवाय विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर वाचली तर ओळीच्या शेवटी एकाऐवजी दोन चिन्हं निघतात. पायथन फाइल मजकूर म्हणून उघडताना त्या दोहोंचं एक करून देतो, सी देत नाही.

पण विषय निघालाच आहे तर माझी जखम दाखवतो. हाच सराव मी सीमध्ये केला होता आणि हुशारी म्हणून लांबींची वजाबाकी केली (स्ट्रलेन म्हणजे सीमधलं लेन):

जर (स्ट्रलेन(अ) - स्ट्रलेन(ब) > ०) तर 'पहिला लांब'

पहिला शब्द ३, दुसरा ५. उत्तर यायला हवं उणे २. आलं 'पहिला लांब'. अर्धा दिवस गेला. स्ट्रलेन जो आकडा देतं तो बिनचिन्हाचा असतो, त्याला शून्याच्या खाली जाताच येत नाही. ३ मधून ५ गेले की तो मागच्या दाराने वरच्या टोकाला पोचतो. ६४ बिटांच्या मशीनवर ते उत्तर १८४४६७४४०७३७०९५५१६१४ येतं. शून्यापेक्षा मोठं म्हणजे काय, चांगलंच मोठं! लांबी सारख्या असतील तेवढा एक प्रसंग सोडला तर ती अट नेहमीच खरी.

तेव्हापासून लांबींची वजाबाकी करत नाही. थेट > लिहितो.

पहिलीपायरी

झालं!! आरस्ट्रिप लावल्यावर 'दोन्ही सारखे' आलं. दंडवत सगळ्यांना.

(कंसबहाद्दर, तुमचा तो वीस आकडी नंबर वहीत लिहून ठेवलाय.)

उंबरठा

मीही नवाच, मध्येच घुसतो. लेन कशाला, नुसतं प > द लिहिलं तर नाही का चालणार? मी तसं लिहिलं होतं आणि दोन-तीन उदाहरणांना उत्तर बरोबर आलं.

खटपट्या

योगायोग. शब्दांमध्ये थेट > टाकलं की पायथन लांबी बघतच नाही, शब्दकोशासारखा क्रम बघतो. पहिलं अक्षर पहिल्याशी, तिथे फरक दिसला की निकाल. म्हणून 'घर' हा 'कमल'पेक्षा मोठा ठरतो, कारण घ हा क-च्या पुढे. आणि '९' हा '१०'पेक्षा मोठा ठरतो, जर दोन्ही मजकूर म्हणून वाचलेले असतील तर. आकड्यांच्या याद्या वेड्यावाकड्या लागतात त्या यामुळेच.

अनुस्वार

अवांतर: 'शब्दकोशासारखा' म्हणजे आपल्या शब्दकोशासारखा नव्हे हं. युनिकोडच्या तक्त्यात ळ बसलाय ल आणि व यांच्यामध्ये. आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो. त्यामुळे नुसत्या > वर लावलेली यादी मराठी माणसाला खटकते.

पहिलीपायरी

मला वाटलं होतं आता सुटले. मजा म्हणून बरेच शब्द देऊन बघत होते, तर हे बघा:

पहिला शब्द 'स्त्री', दुसरा 'कमल'. उत्तर: पहिला लांब.

रेप्र करून बघितलं, शेपूट नाही. लेन('स्त्री') सहा देतंय. स्त्री हे तर एकच अक्षर आहे ना? कमलमध्ये तीन. मग लांब कोण?

भरधाव

बघा! मी म्हटलं होतं युनिकोड!!

जुनंखोड

आता बरोबर. बंद पडलेलं घड्याळही...

अनुस्वार

हा माझा आवडीचा प्रांत आहे, म्हणून जरा पसरून लिहितो.

पायथन मोजतो ते युनिकोडचे बिंदू. कोडपॉइंट म्हणतात त्यांना. 'स्त्री' साठवताना ते असे ठेवले जातात: स, मग हलन्ताची पायमोड, मग त, पुन्हा पायमोड, मग र, मग दीर्घ ई-ची वेलांटी. झाले सहा. 'कमल' म्हणजे क, म, ल. झाले तीन.

पायरी, सरावात शब्द 'अक्षर' वापरलाय. मराठीत मोजायचं म्हटलं तर आपल्याकडे निदान तीन मापं आधीपासून आहेत. अक्षरं मोजली तर स्त्री १, कमल ३. व्याकरणातले वर्ण मोजले तर स्त्री म्हणजे स्, त्, र्, ई असे ४ आणि कमल म्हणजे क्, अ, म्, अ, ल्, अ असे ६. छंदशास्त्रातल्या मात्रा मोजल्या तर स्त्री हे एक गुरू अक्षर, २ मात्रा, आणि कमलमधली तिन्ही लघू, ३ मात्रा.

कुठलंही माप घ्या, कमल लांब. एकटा संगणक स्त्री लांब म्हणतो, तेही दुपटीने.

असं का होतं ते पाहण्यासारखं आहे. देवनागरीत क लिहिला की त्यात अ गृहीतच असतो. तो लिहावा लागत नाही. लिहावं लागतं ते अ *नसल्याचं*, पायमोड करून. कागदावर आपण ती पायमोड जोडाक्षराच्या घडणीत जिरवून टाकतो, युनिकोड मात्र ती वेगळा बिंदू म्हणून ठेवतो. म्हणजे जो स्वर उच्चारला जातो त्याची लांबी शून्य, आणि जो उच्चारला जात नाही त्याच्या गैरहजेरीची लांबी एक. कमलमधले तीन अ फुकटात गेले. स्त्रीमधले दोन नसलेले अ मोजले गेले.

वर्णांच्या हिशोबात हे नेमकं उलटं होतं, म्हणून निकालही उलटा लागतो.

कंसबहाद्दर

हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

सीमधला आकडा देऊन ठेवतो. तिथे स्ट्रलेन बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये (बिंदू बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचा प्रत्येक बिंदू ३ बाइट घेतो. म्हणजे स्त्री १८, कमल ९. निकाल तोच, आकडे तिप्पट.

जुनंखोड

पायथनही एकेकाळी तेच करायचा. दुसऱ्या आवृत्तीत साध्या अवतरणातल्या 'मराठी'ची लांबी १५ यायची. २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली, मजकूर आणि बाइट वेगळे झाले, आणि तोच शब्द ५ झाला. आमचे कित्येक प्रोग्राम तेव्हा कोसळले आणि आम्ही भरपूर बोटं मोडली. आता वाटतं, झालं ते बरं झालं.

आजही सगळ्यांचं एकमत नाहीच. गो आणि रस्ट या भाषांतली साधी लांबी बाइटमध्ये असते. जावा आणि जावास्क्रिप्ट १६ बिटांचे तुकडे मोजतात. मराठीला त्याने फरक पडत नाही, पण बहुतेक इमोजींची लांबी तिथे २ येते, पायथनमध्ये १. आई-बाबा-मुलगी असा एकत्र कुटुंबाचा इमोजी असतो ना, तो पायथनमध्ये ५, जावास्क्रिप्टमध्ये ८ आणि यूटीएफ-८ बाइटांत १८. तीन चेहरे आणि त्यांना बांधणारे दोन अदृश्य जोडबिंदू. दिसायला एक चित्र.

सरळरेघ

एक विचारू? तीन आठवडे शिकणाऱ्या मुलीला 'जर-नाहीतर' समजावं म्हणून दिलेला सराव आहे हा. त्यात मात्रा, वर्ण, बाइट, सोळा बिटांचे तुकडे. उद्या ती प्रोग्रामिंग सोडून देईल. सराव तपासणाऱ्याला लेन अपेक्षित आहे, लेन द्या, पुढे चला.

जुनंखोड

सराव देताना हे सगळं आणू नये, मान्य. पण तिला कुणी सांगितलं नाही, तिनेच 'स्त्री' टाकून बघितलं. प्रश्न विचारून बसलेल्या माणसाला 'पुढे चल' म्हणणं मला जमत नाही.

पहिलीपायरी

सोडत नाहीये हो :) उलट कालपेक्षा आज जास्त मजा येतेय. पण मग मराठी अक्षरं मोजायची कशी? तयार फंक्शन आहे का?

अनुस्वार

पायथनच्या पेटीत नाही. बाहेरची लायब्ररी मिळते, पण तिच्यात एक गंमत आहे, ती खाली सांगतो. आधी हाताने करून बघ, तुझ्या आवाक्यातलं आहे.

नियम असा. शब्दातला एकेक बिंदू बघत जा. तो काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पायमोड यांपैकी असेल तर मोजू नको. तो व्यंजन किंवा स्वर असेल, पण त्याच्या लगेच आधी पायमोड असेल, तरी मोजू नको, कारण तो आधीच्याला जोडला गेलाय. बाकी सगळे मोज.

काना-मात्रा ओळखायला युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल पायथनसोबतच येतं. त्यातलं कॅटेगरी फंक्शन प्रत्येक बिंदूचा वर्ग सांगतं. अशा चिन्हांच्या वर्गाचं नाव एम या अक्षराने सुरू होतं, पायमोडही त्यातच.

संख्या = ०
मागचा = ''
प्रत्येक ब, शब्द मधला:
    जर ब चा वर्ग एम ने सुरू होत नाही आणि मागचा पायमोड नाही:
        संख्या += १
    मागचा = ब

'ज्ञानेश्वर' कागदावर चालवून बघ. ज मोजला, ञ-च्या आधी पायमोड म्हणून सोडला, न मोजला, श मोजला, व सोडला, र मोजला. चार. लेन याच शब्दाला १० देतं.

आता ती गंमत. बाहेरच्या लायब्रऱ्या अक्षर कुठे तोडायचं याचा युनिकोडचाच नियम वापरतात. जुन्या नियमात पायमोडीनंतर तोडायला परवानगी होती, म्हणून स्त्री-चे तुकडे पडायचे स्, त्, री असे तीन. २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं, त्यात देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड ठेवायचा नियम आला आणि स्त्री एक झाली. म्हणजे 'स्त्री आणि कमल' या तुझ्या प्रश्नाला लेनचं उत्तर 'पहिला लांब', जुन्या लायब्ररीचं 'दोन्ही सारखे' आणि नव्या लायब्ररीचं 'दुसरा लांब'. तुझ्या प्रोग्राममधल्या तिन्ही फांद्या, एकाच जोडीवर.

पहिलीपायरी

थांबा, हे पुन्हा वाचते.

वाचलं. तिन्ही!! चालवूनही बघितला तुमचा कोड. स्त्री १, कमल ३, ज्ञानेश्वर ४. अर्थात् (पाय मोडून) दिला तर ३ आला, शेवटचा त् वेगळा धरला. ते बरोबर की चूक?

अनुस्वार

कुणाला विचारतेस त्यावर आहे. वृत्तात तो शेवटचा त् वेगळं अक्षर धरत नाहीत, आधीच्या अक्षराच्या पदरात घालतात. लिहिताना मात्र आपण त्याला सुटा लिहितो, तेव्हा डोळ्याला तीन दिसतात. मी असतो तर तीनच ठेवले असते आणि कोडमध्ये एका ओळीची टीप टाकली असती.

काडेपेटी

वृत्ताचं नाव काढलंत म्हणून. भुजंगप्रयाताच्या ओळीत १२ अक्षरं, मंदाक्रांतेत १७, शार्दूलविक्रीडितात १९. वरचा कोड वापरून कवितेच्या ओळी मोजल्या तर कोण कुठे घसरलंय ते पकडता येईल. कवी मंडळींनी हलकेच घ्यावं.

खटपट्या

मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं आधी काढावी लागतील, नाहीतर स्वल्पविरामही अक्षर मोजला जाईल.

शेवटचीओळ

ऱ बद्दल कुणी बोललं नाही अजून, म्हणून लिहिते.

एका कामात माझ्याकडे नावांच्या दोन याद्या जुळवायला आल्या होत्या. 'वाऱ्या' असलेला एक शब्द दोन्हींत होता, दिसायला तंतोतंत सारखा, पण जुळेना. लांबी काढली तर एकीकडे ६, दुसरीकडे ७. आमच्या टीममध्ये कुणी फाँटला शिव्या दिल्या, कुणी मला.

अर्धा र टाईप करायचे मार्ग एकाहून जास्त आहेत. एका कीबोर्डवरून ऱ हा एकच बिंदू येतो. दुसरीकडे र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असे दोन येतात. तिसऱ्या पद्धतीत र, पायमोड आणि मग एक अदृश्य जोडबिंदू. पडद्यावर काहीच फरक नाही.

पहिले दोन एकसारखे करून घेता येतात. त्याच युनिकोडडेटामध्ये नॉर्मलाइझ आहे, त्याला एनएफसी प्रकार सांगितला की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसऱ्याला ते हात लावत नाही, तो स्वतःच बदलून घ्यावा लागतो.

आणि अनुस्वार, त्या जोडबिंदूमुळे तुमचाही कोड फसतो. मागचा म्हणून पायमोडीऐवजी जोडबिंदू येतो, मग य वेगळा मोजला जातो. शिवाय जोडबिंदू स्वतःही मोजला जाऊ शकतो, त्याचा वर्ग एमने सुरू होत नाही.

अनुस्वार

बरोबर पकडलंत. स्वतः जोडबिंदू मोजला जात नाही, कारण त्याच्या आधी पायमोड आहे, पण य मात्र नक्की मोजला जातो. दुरुस्ती: जोडबिंदू किंवा तोडबिंदू (जोडाक्षर होऊ न देणारा तसाच अदृश्य बिंदू) दिसला की त्याला पूर्ण ओलांडून पुढे जायचं, 'मागचा'सुद्धा बदलायचा नाही. मग 'वाऱ्या' तिन्ही पद्धतींनी २.

शेवटचीओळ

हो, मोजला जात नाही, घाईत लिहिलं. दुरुस्ती पटली.

भरधाव

फोनवरच्या मेसेजचं काय मग? मराठीत चार ओळी लिहिल्या की लगेच दोन मेसेज म्हणतो.

कंसबहाद्दर

तिथे चौथंच माप. साधी रोमन अक्षरं ७ बिटांत बसतात, म्हणून एका एसएमएसमध्ये १६०. मजकुरात एक जरी देवनागरी चिन्ह आलं की पूर्ण मेसेज १६ बिटांवर जातो आणि मर्यादा ७०. ते ७० म्हणजे अक्षरं नव्हेत, बिंदू. स्त्री लिहिलं की त्यातले ६ गेले. मेसेज लांबला तर प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती घालावी लागते, मग तुकड्यामागे ६७ उरतात.

सरळरेघ

डेटाबेसमध्येही हे आहे, मान्य करतो. मायएसक्यूएलमध्ये लेंग्थ बाइट देतं आणि कॅर-लेंग्थ चिन्हं देतं. दोन्ही नावं इतकी सारखी आहेत की इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर फरक कळत नाही. ३० चिन्हांचा रकाना आहे असं समजून ३० बाइट तपासणारा कोड मी पाहिलाय. त्यात मराठी नावाचे दहा बिंदू बसतात. 'ज्ञानेश्वर' जेमतेम बसतो, आडनाव बाहेर.

(कुणी लिहिला होता ते विचारू नये.)

काडेपेटी

सरळरेघ, तुम्हीच म्हणाला होतात पुढे चला :)

उंबरठा

अजून एक बालिश शंका. लेन वापरायचंच नाही अशी अट असेल तर? आमच्याकडे तसा पुढचा सराव आहे.

जुनंखोड

बालिश नाही, हा मूळ सरावापेक्षा चांगला आहे.

बहुतेक जण काय करतात, एक लूप लावून पहिल्याची लांबी मोजतात, दुसरा लूप लावून दुसऱ्याची, मग तुलना. चालतं. पण विचारलंय लांब कोण एवढंच, किती लांब ते नाही. दोन दोऱ्यांतली लांब कोणती हे बघायला मोजपट्टी लागत नाही. टोकाला टोक लावून शेजारी धरायच्या आणि जिचं दुसरं टोक आधी आलं ती आखूड.

दोन्ही शब्दांवर एकाच वेळी एकेक घर पुढे सरक. दोन्ही एकदम संपले तर सारखे, नाहीतर जो आधी संपला तो आखूड. लांब शब्दाचं उरलेलं शेपूट बघायचंही कारण नाही. एक शब्द पाच चिन्हांचा आणि दुसरा पाच लाख चिन्हांचा असला तरी पाच पावलांत निकाल.

सीमध्ये याला खरोखर अर्थ आहे, कारण तिथे शब्दाची लांबी कुठे लिहून ठेवलेली नसते. शून्य बाइट सापडेपर्यंत स्ट्रलेन चालत जातं. पायथन शब्दासोबत लांबीही बाळगतो, त्यामुळे लेन तिथे नुसता आकडा वाचून देतं. तिथे दोऱ्यांची युक्ती समजण्यापुरती, वेग मिळायचा नाही.

उंबरठा

भारी. करून बघतो. मॅक्स या सर्वांत मोठं निवडणाऱ्या फंक्शनला 'की' म्हणून लेन दिलं तर एका ओळीत होतं असं एकाने सांगितलं.

खटपट्या

लांब शब्द मिळतो एका ओळीत, पण बरोबरी कळत नाही. सारखे असले तर मॅक्स पहिला देऊन गप्प बसतं. तिसरी फांदी हवी असेल तर नुसत्या मॅक्सने भागत नाही, तुलना स्वतः लिहावी लागते.

पहिलीपायरी

सराव दिला तपासायला. सरळरेघ म्हणाले तसं लेनचंच उत्तर ठेवलं, कारण तपासणीच्या शब्दांत मराठी एकही नव्हता. सगळी उदाहरणं पास. आरस्ट्रिप नसतं तर दोन नापास झाली असती, मुद्दाम काढून बघितलं.

अक्षरं मोजणारी आवृत्ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीय, शेवटचीओळ यांची जोडबिंदूची दुरुस्ती घालून.

आता पुढचा सराव उघडला. 'दिलेला शब्द उलटा करून छापा.' कमलचं लमक झालं, मस्त. मग राहवलं नाही, स्त्री दिलं. हे आलं:

ीर्त्स

सुरुवातीची वेलांटी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलीय आणि मध्येच कुठून तरी रफार उगवलाय.

अनुस्वार

नवा धागा काढ. येतोच.